घरचा कॉम्प्युटर अचानक लॉगिन होऊ देत नाही. फॉरमॅट न मारता आत कसं जायचं?

तुम्ही लिहिलंय की काल रात्री नीट बंद केलेला कॉम्प्युटर आज पासवर्ड चुकीचा असल्याचं सांगतोय. तुम्ही तो बदललेला नाही, ओळखीतले एक जण सरळ फॉरमॅट मारायला सांगतायत, आणि आत मुलांचे सगळे फोटो आहेत. विंडोज १० आहे की ११ हे तुम्ही सांगितलेलं नाही, पण खाली जे सांगतोय ते बहुतेक दोन्हीकडे लागू पडतं.

सगळ्यात आधी फॉरमॅटचा विचार डोक्यातून काढून टाका. लॉगिन होत नाही म्हणजे फोटो गेले असं मुळीच नाही. ते डिस्कवर होते तिथेच आहेत. ते खरोखर जातात फॉरमॅट मारल्यावर. पहिल्या पाच मिनिटांत हा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण अशा बहुतेक वेळी बिघाड अगदी किरकोळ असतो.

आता स्क्रीनवर नेमकं काय होतंय ते नीट बघा. पासवर्ड टाकल्याबरोबर ‘चुकीचा आहे’ असं येतंय, की पासवर्ड मान्य होऊन ‘वेलकम’ दिसतं आणि मग गाडी अडते? हे दोन पूर्णपणे वेगळे आजार आहेत. तुमचा पहिला दिसतोय, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो.

पासवर्ड टाइप करा, पण एंटर दाबू नका. चौकटीच्या उजव्या टोकाला डोळ्याचं चिन्ह येतं, ते माउसने दाबून धरा. तुम्ही काय टाइप केलंय ते दिसेल. कॅप्स लॉक चालू असेल तर इथेच कळतं. पण माझा अनुभव असा, की खरा चोर कीबोर्डची भाषा असते. माझ्या मावशीच्या लॅपटॉपवर हेच झालं होतं. तिच्या पासवर्डमध्ये ॲट-द-रेटचं चिन्ह होतं आणि शिफ्ट धरून २ दाबल्यावर त्या जागी दुहेरी अवतरणचिन्ह उमटत होतं. डोळा दाबेपर्यंत कोणाच्याच लक्षात आलं नाही, कारण चौकटीत नुसते काळे ठिपके दिसतात. कीबोर्ड अमेरिकन इंग्लिशवरून ब्रिटिश इंग्लिशवर गेला होता, आणि त्या मांडणीत ही दोन चिन्हं एकमेकांच्या जागी असतात. एकापेक्षा जास्त भाषा बसवलेल्या असतील तर लॉगिन स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात भाषेची खूण दिसते. तिच्यावर क्लिक करा, किंवा विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबा, की मांडणी बदलते. मराठी टायपिंगसाठी वेगळा कीबोर्ड टाकलेला असेल तर ही शक्यता आणखी वाढते. एखादं बटणच खराब झाल्याचा संशय असेल तर त्याच कोपऱ्यातल्या ॲक्सेसिबिलिटीच्या चिन्हातून ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडा आणि माउसने अक्षरं दाबा.

हे सगळं ठीक असेल तर पुढचा प्रश्न असा, की कॉम्प्युटर तुमच्याकडे पिन मागतोय की पासवर्ड? इथे फार लोकांची गल्लत होते. पिन फक्त त्या एका मशीनपुरता असतो, मशीनमधल्या टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपशी बांधलेला. पासवर्ड बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्याचा असतो आणि तो कुठूनही बदलता येतो. एक बदलला म्हणून दुसरा बदलत नाही. चौकटीतली फिकट अक्षरं वाचा, तिथे पिन किंवा पासवर्ड असं लिहिलेलं असतं. खाली ‘साइन-इन ऑप्शन्स’ आहे, तिथून एकावरून दुसऱ्यावर जाता येतं. रोज पिन टाकणाऱ्या माणसाला एखाद्या अपडेटनंतर अचानक पासवर्डची चौकट दिसली, की तो तिथे पिनच टाकत बसतो आणि मशीन नाही म्हणत राहतं.

घरात कोणी फोनवरून त्याच खात्याचा पासवर्ड बदललाय का, हेही विचारा. तसं असेल तर नवा पासवर्ड टाकताना कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेला हवा. वायफायचं चिन्ह लॉगिन स्क्रीनवरच असतं. उलट जुनाच पासवर्ड आठवत असेल तर नेट पूर्ण तोडून तो टाकून बघा. मशीन शेवटच्या यशस्वी लॉगिनची नोंद स्वतःजवळ ठेवतं, त्यामुळे नेट नसताना बहुधा जुन्या पासवर्डवर आत सोडतं.

मात्र अंदाजपंचे पासवर्ड टाकत बसू नका. नव्याने बसवलेल्या विंडोज ११ मध्ये १० चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं १० मिनिटांसाठी कुलूपबंद होतं. पिन सारखा चुकला तर विंडोज एक ठरावीक शब्द टाइप करायला सांगतं: ए, १, बी, २, सी, ३. घाबरू नका, हा व्हायरस नाही. कीबोर्डवर कोणी उगाच बटणं दाबत नाहीये ना, एवढंच ते तपासून घेतं.

स्क्रीनवरचं घड्याळ बघितलंत का? तारीख एकदम काही वर्षं मागे गेलेली दिसली तर गुन्हेगार सापडला समजा. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा छोटा गोल सेल असतो. तो संपला की मशीनचा वीजपुरवठा तुटताच घड्याळ मागे जातं. चुकीच्या तारखेमुळे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र कॉम्प्युटरला अवैध वाटतं, आणि मग ऑनलाइन लॉगिन होत नाही. मशीन सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन तारीख दुरुस्त करा, आणि सेल बदलून घ्या.

पासवर्ड खरंच विसरला असेल तर कॉम्प्युटरशी झटापट करण्यापेक्षा फोनच्या ब्राउझरमधून मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड रीसेट करा. खात्याला जोडलेल्या ईमेलवर किंवा मोबाइलवर कोड येतो. पिन विसरला असेल तर चौकटीखाली ‘आय फरगॉट माय पिन’ असतं, त्यालाही नेट लागतं. खातं मायक्रोसॉफ्टचं नसून फक्त त्या मशीनवरचं असेल तर एकदा चुकीचा पासवर्ड टाकल्यावर ‘रीसेट पासवर्ड’ दिसतं आणि खातं उघडताना दिलेले तीन सुरक्षा प्रश्न विचारले जातात.

दुसऱ्या आजाराबद्दलही सांगून ठेवतो, कारण पहिला बरा झाल्यावर कधीकधी तो पुढे येतो. पासवर्ड मान्य होतो, पण ‘यूजर प्रोफाइल सर्व्हिस फेल्ड’ असं काहीतरी येतं, किंवा आत गेल्यावर डेस्कटॉप कोरा करकरीत दिसतो. कुलूप उघडलंय, पण दार आतून अडकलंय, अशी ही गत. कोऱ्या डेस्कटॉपवर तात्पुरतं प्रोफाइल, म्हणजे तुमच्या फाइल्स-सेटिंग्जच्या जागी एक रिकामी जागा, उघडलेलं असतं. तिथे काहीही सेव्ह करू नका, साइन-आउट होताच ते पुसलं जातं. तुमचे फोटो सी ड्राइव्हच्या यूजर्स फोल्डरमध्ये तुमच्या नावाच्या फोल्डरात असतात, तिथे जाऊन बघा म्हणजे जीव भांड्यात पडेल. मग मशीन रीस्टार्ट करा. शटडाउन नको, रीस्टार्टच, कारण फास्ट स्टार्टअपमुळे शटडाउनमध्ये विंडोज पूर्णपणे बंद होत नाही. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर जागा मोकळी करा, त्यानेही प्रोफाइल उघडायला अडचण येते. एवढ्याने भागलं नाही तर दुरुस्ती रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीतल्या, प्रोफाइललिस्टमध्ये असते. तिथे तुमच्या खात्याची लांबलचक नोंद दोनदा दिसते आणि एकीच्या शेवटी ‘.bak’ असतं. रजिस्ट्रीत कधी हात घातला नसेल तर हे जाणकाराकडून, आणि फोटोंची कॉपी काढून झाल्यावरच करा.

सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरत्या गोष्टींवर सुरू होतं त्या अवस्थेत, जायचं असेल तर लॉगिन स्क्रीनवरच्या पॉवरच्या चिन्हावर क्लिक करून शिफ्ट दाबून ठेवा आणि रीस्टार्ट निवडा. निळ्या स्क्रीनवर ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज, आणि रीस्टार्ट झाल्यावर ४ दाबा, नेट हवं असेल तर ५. तिथे पिन चालेलच असं नाही, पासवर्ड हाताशी ठेवा. त्याच निळ्या मेनूत शेवटचं अपडेट काढून टाकण्याची आणि सिस्टिम रिस्टोअरची सोय आहे. सगळं अपडेटच्या दुसऱ्या दिवशी सुरू झालं असेल तर मी आधी अपडेटच काढेन.

पण या निळ्या मेनूला हात लावण्याआधी एक काम कराच. फोनवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात जा आणि डिव्हाइसेसच्या विभागात तुमच्या कॉम्प्युटरची बिटलॉकर रिकव्हरी की, म्हणजे कुलूपबंद केलेली डिस्क उघडायचा कोड, आहे का ते बघा. ती ४८ अंकी असते. नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटअप केला की डिस्क बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कोडशिवाय वाचता येणार नाही अशी, होते आणि मालकाला पत्ताही नसतो. मग अशा दुरुस्तीच्या वेळी मशीन अचानक ही की मागतं. की असेल तर कागदावर लिहून घ्या, एकेक अंक पडताळून. ती कुठेच नसेल तर मायक्रोसॉफ्टही ती पुन्हा बनवून देऊ शकत नाही.

आणि कळकळीने सांगतो, स्क्रीनवर किंवा शोधताना सापडलेल्या एखाद्या पानावर ‘या नंबरवर फोन करा’ असं दिसलं तर तो फोन करू नका. विंडोजच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. समोरचा माणूस गोड बोलून मशीनचा ताबा मागतो आणि तुम्ही घाबरलेले असता, तेच त्याला हवं असतं.

कशानेच आत जाता आलं नाही, तरी फोटो काढता येतात. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू (विंडोजसारख्याच, पण फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिम) टाका आणि त्या पेनड्राइव्हवरून तुमचं मशीन सुरू करा. इन्स्टॉल नाही करायचं, ‘ट्राय’ विचारलं तर ते निवडायचं. विंडोजची डिस्क साध्या फोल्डरसारखी उघडते. एन्क्रिप्ट असेल तर तीच ४८ अंकी की द्यायची. डिस्क फक्त वाचता येते, लिहिता येत नाही असं दिसलं तरी चालेल, आपल्याला वाचायचंच आहे. यूजर्समधला तुमचा अख्खा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा, त्यातले दहा-वीस फोटो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, आणि मगच ‘रीसेट धिस पीसी’ला हात लावा. तिथे ‘कीप माय फाइल्स’ निवडा. फाइल्स राहतात, बसवलेले प्रोग्रॅम मात्र पुन्हा टाकावे लागतात.

इथपर्यंत यावं लागणार नाही असं मला वाटतं. आधी तो डोळा दाबून बघा, आणि स्क्रीनवर जी ओळ येते ती जशीच्या तशी कळवा. पुढचं त्यावरून सांगतो.