मुलीनं मरणाची गोष्ट लिहिली, आता काय करू?

“मॅडम, इंग्रजीच्या वर्गासाठी तिनं गोष्ट लिहिलीय. त्यातली मुलगी मेलेली आहे आणि तीच सगळं सांगते. आईबद्दल जे लिहिलंय ते तर मला वाचवलं नाही. तिच्या मनात काही वेडंवाकडं तर नाही ना?”

ही काळजी घेऊन येणारे पालक मला समुपदेशनाच्या कामात नेहमी भेटतात. कधी गोष्टीऐवजी कविता असते, कधी आईऐवजी शिक्षक येतात. त्यातली ही एक हकिगत, ओळख पटू नये इतके तपशील बदलून सांगते.

मुलगी सोळा वर्षांची. वर्गात दिलेलं काम दोन भागांचं होतं. एक कथा लिहायची आणि सोबत तिचं विश्लेषण करायचं : निवेदन प्रथमपुरुषी का, काळ कोणता, अमुक प्रतिमा पुन्हापुन्हा का येते. आईनं कथा वाचली होती, विश्लेषण उघडलंही नव्हतं. बहुतेक घरांत असंच होतं. मुलीला विचारून मी दोन्ही वाचायला मागितलं.

कथा चांगली होती, हे आधी सांगायला हवं. तळ्यात बुडालेली मुलगी आपल्याच घरात वावरते आणि आईला तिची खोली आवरताना बघते. ही आई कथाभर फक्त हुकूम सोडते : “ऊठ.” “दाखव.” “दे इकडे.” विश्लेषणात मुलीनं लिहिलं होतं, हे मुद्दाम केलं आहे. निवेदिका मेलेली का? तर तिला सगळं दिसावं, पण उलट बोलता येऊ नये म्हणून. मजकुरावर इतकी पकड असलेली मुलगी लिहिताना भान हरपून वाहवत गेली असेल, असं मला वाटलं नाही. अर्थात तेवढ्यावर निश्चिंत होता येत नाही. हुशार मूल विश्लेषणाच्या आड छान लपू शकतं.

विश्लेषणात निवेदिकेसाठी सगळीकडे ‘नॅरेटर’ हा शब्द होता. एका परिच्छेदात मात्र, आई कपाटाचे खण उघडते त्या प्रसंगाविषयी लिहिताना, ‘नॅरेटर’च्या जागी ‘आय’, म्हणजे इंग्रजीतलं ‘मी’, आलं होतं. तेही सलग तीन वाक्यांत.

साहित्याच्या वर्गात कथेतला ‘मी’ म्हणजे लेखक नव्हे, हे शिकवतात. विमसॅट आणि बिअर्डस्ली या अमेरिकी अभ्यासकांनी १९४६ साली मांडलं होतं की कवितेतले विचार आधी कवितेत बोलणाऱ्या व्यक्तीचे धरावेत, थेट कवीचे नव्हेत. वर्गासाठी हा नियम उत्तम आहे. माझ्या खोलीत तो अर्धाच चालतो. निसटलेल्या सर्वनामावरून निदान करणं मूर्खपणाचं, पण त्यावरून प्रश्न विचारता येतो.

त्याआधी दुसरा प्रश्न होता. मी सरळ विचारलं, “तुला स्वतःला मरावंसं वाटतं का? जीव द्यायचा विचार कधी आलाय?” आई नंतर माझ्यावर चिडल्या : असं विचारून तिच्या डोक्यात भलतं भरवता का? ही भीती फार पसरलेली आहे. पण न्यूयॉर्क राज्यात दोन हजारांहून जास्त शाळकरी मुलांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारलेल्या मुलांची अस्वस्थता किंवा तसे विचार, न विचारलेल्यांपेक्षा वाढलेले दिसले नाहीत.

मुलगी म्हणाली, “नाही हो मॅडम. मेलेली नसती तर तिला दार लावून घेता आलं असतं ना, मग गोष्टच झाली नसती.” झोप, भूक, मैत्रिणी, आधी कधी स्वतःला इजा केली का, सगळं विचारलं. घाबरण्याजोगं काही निघालं नाही. मग तो परिच्छेद तिच्यासमोर ठेवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “आई माझी वही वाचते. फोनही बघते. मला माहितीय, हे तिला माहीत नाही.”

आईनं ही कथासुद्धा तशीच वाचली होती, मुलगी आंघोळीला गेली असताना तिचा लॅपटॉप उघडून.

आईंचं म्हणणं होतं, शेवट बदलायला सांगा, निदान गोष्टीतली मुलगी जगू तरी दे. मी नकार दिला. कथा दुरुस्त केली की काळजी करणाऱ्याला बरं वाटतं, लिहिणाऱ्याला मात्र एवढंच कळतं की पुढच्या वेळी घरी चालेल असंच लिहायचं. त्याऐवजी दोघींना समोरासमोर बसवलं. विचारल्याशिवाय वही उघडायची नाही, हे ठरलं. जिवाला धोका वाटला तर गुप्तता राहणार नाही, हेही मुलीच्या तोंडूनच वदवून घेतलं. फोनवरून अजून वाद होतात.

सगळ्याच गोष्टी अशा निघत नाहीत. लिखाणासोबत मूल एकटं पडत असेल, “मी सगळ्यांना ओझं झालोय” असं म्हणत असेल, जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकत असेल, मरणाची पद्धत किंवा दिवस ठरवल्यासारखं बोलत असेल, तर विश्लेषण वाचत बसू नका. मुलाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा रुग्णालयात न्या.

शिक्षकांना एक सुचवते. समासात लाल शाईनं “तू ठीक आहेस ना?” एवढंच लिहून वही परत देऊ नका. आधी कथेबद्दल कथा म्हणून बोला, मग वर्ग सुटल्यावर बाजूला घेऊन माणसाबद्दल विचारा. या मुलीच्या शिक्षिकेनं तेच केलं होतं. त्या परिच्छेदातलं ‘आय’ काढू की ठेवू, हेही मुलीनं शेवटी मला नाही, त्यांनाच विचारलं.