आधी कथानक आणि निवेदक समजून घ्या
कथा-कादंबरीच्या अभ्यासातल्या संज्ञांची यादी पाठ करण्याआधी तुम्ही घटनाक्रम आणि कथानक यांतला फरक नीट समजून घ्यावा, असे मला मनापासून वाटते. सांगलीत २०१९ साली कृष्णेला महापूर आला आणि एका व्यापाऱ्याची हळदीची पोती भिजली, हा झाला घटनाक्रम; परंतु २००५ चे पाणी उंबऱ्याशीच थांबले होते, या भरवशावर बापाने मुलाचे न ऐकता पोती हलवू दिली नाहीत, असे म्हटले की कार्यकारणभाव येतो, संघर्ष उभा राहतो आणि कथानक घडते. मग हे सांगतो कोण, म्हणजेच निवेदक कोण, ते पाहा. मुलगा ‘मी’ म्हणून सांगू लागला, तर बापाच्या मनातला पश्चात्ताप त्याला थेट सांगता येणार नाही. ओल्या पोत्यावरून फिरणाऱ्या बापाच्या पिवळ्या बोटांवरूनच तो पश्चात्ताप वाचकाला जाणवेल. कथा-कादंबरीत लेखक आणि निवेदक यांना मात्र कधीही एक मानू नका.