तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांना भयकथा लिहायला कसं शिकवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरमध्ये सुटीत १३ ते १६ वयाच्या मराठी मुलांचा लेखनवर्ग घेताय, दहा मुलं आणि सहा सत्रं आहेत, मुलांना भयकथाच लिहायच्या आहेत. पण पहिल्या दिवशी सगळ्यांनी अमावास्या, पडका वाडा आणि रक्त लिहून आणलं. आता पुढे काय?

आधी वाडा काढून टाका, भुताचं नंतर बघू. पडक्या वाड्यात ही मुलं कधी राहिलेली नसतात. तो त्यांनी पडद्यावर पाहिलेला असतो, म्हणून दहाही मुलांचा वाडा सारखाच निघतो. वाचणाऱ्याला खरी भीती वाटते ती रोजची, अगदी पाठ झालेली गोष्ट जराशी जागची हलली की. अशा पाठ गोष्टी इंदूरच्या मुलांकडे भरपूर आहेत.

कचरागाडीचंच घ्या. सकाळी तिचं गाणं वाजलं की घरातलं कुणीतरी ओल्या-सुक्याचे डबे घेऊन खाली धावतं. फळ्यावर एकच वाक्य लिहा: ‘रात्री पावणेतीनला गाडीचं गाणं ऐकू आलं.’ पुढची पाच-सहा वाक्यं लिहायला दहा मिनिटं द्या. अटी दोन: भूत हा शब्द नको आणि गाडी दिसता कामा नये. पहिल्या फेरीत साधारण असं येईल:

‘राहुलने खिडकीतून पाहिलं. बाहेर भयानक अंधार होता. अचानक एक भयंकर किंकाळी ऐकू आली आणि त्याच्या अंगावर काटा आला.’

यात ‘भयानक’, ‘अचानक’, ‘भयंकर’ आणि ‘अंगावर काटा’ हे सगळं वाचकाच्या वतीने लेखकच घाबरून घेतो, वाचकाला काही उरत नाही. हे चार शब्द, शिवाय ‘पाचावर धारण बसली’ आणि ‘बोबडी वळली’, वर्गापुरते बंद करा. त्यांच्या जागी एकच विचारा: त्या क्षणी घरातलं दुसरं माणूस काय करत होतं? मग तोच मजकूर असा होऊ शकतो:

‘गाणं कोपऱ्यावर थांबलं. समोरच्यांचं फाटक वाजलं, मग शेजारच्यांचं. आजी उठून बसली होती. “डबे ठेवलेस का रे बाहेर?” राहुलने घड्याळाकडे बोट दाखवलं. आजीने तिकडे पाहिलंच नाही. ती चपला शोधत होती.’

दोन्ही उतारे मोठ्याने वाचा आणि मुलांना विचारा, भीती नेमकी कुठे शिरली. बहुतेक जण चपलांवर बोट ठेवतील. अजून काहीही घडलेलं नाही हे त्यांच्या लक्षात येऊ द्या. या एका उदाहरणावर अख्खं सत्र गेलं तरी चालेल.

एखादं मूल जुन्या वास्तूवर अडूनच बसलं तर त्याला इंदूरच्या राजवाड्यासमोर उभं करा. खालचे तीन मजले दगडी आहेत, वरचे चार लाकडी. लाकूड दिवसा तापतं, रात्री निवताना आकसतं आणि कडकड वाजतं. दगड तसा वाजत नाही. म्हणजे आवाज वरून आला तर त्याला कारण आहे, खालून आला तर नाही. एवढी माहिती हातात असली की ‘जुनाट भीषण वास्तू’ असं लिहावं लागत नाही.

आता भाषेबद्दल, कारण या वर्गातला माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. भयकथेसाठी मराठीत एक सोय आहे जी हिंदीत नाही: नपुंसकलिंग. इंदूरची मुलं शाळेत हिंदी-इंग्रजीत वावरतात, त्यामुळे ती सहज लिहून जातात, ‘जिन्यावर कुणी उभा होता.’ झालं, पुरुष आहे हे कळलं, निम्मी भीती गेली. ‘जिन्यावर कुणीतरी उभं होतं’ असं लिहिलं की बाई, पुरुष, मूल, की माणूसच नाही, सगळं उघडं राहतं. आणि ते कधी बंद करायचं हे लेखकाच्या हातात येतं:

‘ते एक पायरी वर आलं. मग आणखी एक. तिसऱ्या पायरीवर ती थांबली.’

‘ते’चं ‘ती’ झालं. नाव नाही, चेहरा नाही, तरी जिन्यावर कोण आहे ते पात्राने ओळखलंय हे वाचकाला कळलं. दुसरी सोय म्हणजे आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘आवाज आईचा होता, साडी आईची होती, आई नव्हती.’ या दोन गोष्टींवर प्रत्येकी पाच वाक्यं लिहून घ्या. ‘भीती लागली’सारखं हिंदी वळण पहिल्या खर्ड्यात सुधारू नका, मुलांचा हात आखडतो. आणि चौकीदार हिंदीत बोलत असेल तर बोलू द्या, इंदुरात तो हिंदीतच बोलणार.

भूत आणायचं तर त्याआधी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीन ओळी लिहून घ्या: त्याला काय हवंय, त्याला काय करता येत नाही, आणि ते आल्याचं कशावरून कळतं. जे भूत काहीही करू शकतं त्याची भीती दोन परिच्छेदांत संपते, कारण पात्राने केलेल्या कशालाच अर्थ उरत नाही. आजी-आजोबांना विचारायला लावा, हे नियम घरातच सापडतात. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा, पिंपळावर राहणारा. चकवा लागला की माणूस फिरून त्याच जागी येतो. दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही तर गेलेल्याची इच्छा राहिली असं मानतात. ‘काय हवंय’ या ओळीसाठी याहून चांगली सुरुवात कुठे मिळणार?

कथेत मोबाइलची बॅटरी संपवू नका, हेही आधीच सांगा. रेंज पूर्ण असू दे. फोन लागला, उचलला गेला आणि तरी उपयोग झाला नाही, ही खरी अडचण.

कथा ७०० ते ९०० शब्दांची पुरे. त्याहून लांबली की मुलं मधे पाठलाग घालतात. पहिला खर्डा हाताने, कागदाच्या एकाच बाजूला लिहून घ्या. मग तो १०-१२ तुकड्यांत कापा आणि वाचकाला गोष्ट जिथे कळते तो तुकडा वेगवेगळ्या जागी ठेवून बघा. बहुतेक मुलांनी तो दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर ठेवलेला असतो. तिथे गोष्ट फुटते आणि पुढे नुसती धावपळ राहते. अगदी शेवटच्या ओळीत ठेवला तर ती युक्ती वाटते. तीन चतुर्थांशाच्या आसपास सहसा बसतो. मग शेवटच्या भागात पात्राला सगळं माहीत असतं आणि तरी दार उघडावं लागतं. शेवट ‘ते स्वप्न होतं’ असा आला तर ते एक वाक्य खोडून कथा त्याच्या आधीच संपवायला सांगा. अनेकदा तेवढ्यानेच काम होतं.

वाचन दिवसा, खिडक्या उघड्या ठेवून. दिवे घालवले की भीती अंधाराची वाटते, कथेची परीक्षा होत नाही. ऐकणाऱ्यांच्या हातात कथेची प्रत आणि पेन्सिल द्या: संशय आला तिथे फुली, कंटाळा आला तिथे आडवी रेघ, कळलं तिथे गोल. ‘छान होती’ यापेक्षा नऊ प्रतींवरचे गोल मुलाला कितीतरी जास्त सांगतात.

सत्रं दीड तासाची ठेवा. पहिली दोन निरीक्षण आणि भाषेला, तिसरं नियमांना, चौथं खर्ड्याला, पाचवं कात्रीला, सहावं वाचनाला.

काही बंधनं पहिल्याच दिवशी घाला. वर्गातल्या किंवा गल्लीतल्या खऱ्या माणसाचं नाव कथेत नको. विधवा बाई किंवा मनाने आजारी माणूस म्हणून भूत, हे नको. घिसंपिटं आहेच, पण मुख्य म्हणजे तशी माणसं समोरच्या मुलाच्या घरात असू शकतात. नुकताच कुणाच्या घरी मृत्यू झाला असेल तर त्या मुलाला कारण न विचारता दुसरा विषय घेऊ द्या. आणि एखाद्याच्या वहीत स्वतःला इजा करण्याबद्दल वारंवार येत असेल, कथेच्या आत असो वा बाहेर, तर तिथे शैली तपासत बसू नका. वर्ग सुटल्यावर त्याच्याशी एकट्याने, शांतपणे बोला, आणि त्याच दिवशी पालकांना सांगा. मात्र धोका घरातूनच असेल असं वाटलं तर पालकांऐवजी शाळेच्या समुपदेशकाला सांगा किंवा १०९८ या चाइल्डलाइनला फोन करा.