गरम पाणी चालू असलं तरच रेडिएटर तापतात. बॉयलर गेला का?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमधलं जुनं घर आहे, एअरिंग कपबोर्डात (कपडे सुकवायच्या कपाटात) गरम पाण्याची टाकी आहे, फोनवरून चालणारा स्मार्ट कंट्रोलर बसवून घेतल्यापासून गरम पाणी चालू असेल तरच खोल्या तापवणारे रेडिएटर तापतात. बसवणारा म्हणतो गरम पाण्याची वाट वळवणारा व्हॉल्व्ह गेलाय, नाहीतर बॉयलरचं कार्ड, म्हणजे आतला सर्किट बोर्ड. बदलायचं का, असं विचारताय.

बदलू नका. अजून एक पौंडही देऊ नका. मी दिलेत, म्हणून सांगतेय.

आमचं घर लेस्टरला. जानेवारीत माणूस आला, जुना टायमर आणि हॉलमधला थर्मोस्टॅट काढला, स्मार्ट कंट्रोलरचा रिसीव्हर लावला, फोनवर ॲप चालू करून दाखवलं आणि पाऊण तासात गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे घर थंडगार. फोनवर 'हीटिंग चालू' दिसतंय, रेडिएटर मात्र गारठलेले. सासूबाई साताऱ्याहून आलेल्या, दोन स्वेटर आणि पायमोजे घालून बसलेल्या. तो माणूस परत आला, व्हॉल्व्हला कान लावला आणि म्हणाला, हेड (व्हॉल्व्हवरचा मोटरचा डबा) गेलंय. नवीन हेड बसवलं, पैसे घेतले. फरक शून्य. मग म्हणाला, आता बॉयलरचं कार्डच असणार.

नेमकी खूण सापडली ती सासूबाईंना. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "अगं, आंघोळीच्या वेळेलाच घर ऊबदार होतं, नंतर परत गार." दिवसभर घरात त्याच होत्या, त्यांनाच ते कळलं. ते ऐकलं आणि मी जागची उठले. बॉयलर आंघोळीच्या वेळी व्यवस्थित पेटतोय, पंप फिरतोय, रेडिएटर तापताहेत, तर मग कार्ड कसं जाईल?

माझे वडील वीज मंडळात वायरमन होते. त्यांचं एकच सांगणं असायचं: आधी सप्लाय कुठवर येतो ते बघ, मग माल बदल. मी स्वतः कोल्हापूरला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय. पण मी मल्टिमीटर काढला तेव्हा आमचे भाऊजी सोफ्यावरून म्हणाले, "तो दिवसाला तीन घरं करतो. तुझा डिप्लोमा होऊन वीस वर्षं झाली. तू कशाला त्यात हात घालतेस?" नवरा गप्प. मला ते लागलं, अजूनही लागतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे. टाकीवाल्या बऱ्याच घरांत तीन तोंडांचा एकच व्हॉल्व्ह असतो, इथे या जोडणीला वाय प्लॅन म्हणतात. त्याच्या पांढऱ्या वायरवर फेज आला की व्हॉल्व्ह मध्यावर येऊन थांबतो, टाकी आणि रेडिएटर दोन्हीकडची वाट मोकळी. जोडीला राखाडी वायरवरही फेज आला की तो पुढे सरकतो, टाकीची वाट बंद करतो, आतला स्विच दाबला जातो आणि नारिंगी वायरमधून बॉयलरला आणि पंपाला फेज मिळतो. राखाडीला हा फेज दोन ठिकाणांहून येतो: टाकी तापली की टाकीवरच्या थर्मोस्टॅटमधून, आणि गरम पाणी बंद ठेवलं की कंट्रोलरच्या 'हॉट वॉटर ऑफ' टर्मिनलवरून. ते टर्मिनल रिकामं राहिलं तर पाणी बंद असताना व्हॉल्व्ह मध्यावर बसून राहतो आणि बॉयलरपर्यंत फेज पोचतच नाही. पाणी चालू केलं की टाकीच्या थर्मोस्टॅटवरून बॉयलरला फेज मिळतो आणि सगळं सुरळीत दिसतं. तुमची तक्रार अक्षरशः हीच आहे.

मी हीटिंग चालू, पाणी बंद असं ठेवून जंक्शन बॉक्समध्ये मोजलं. पांढरीवर 230 च्या आसपास, राखाडीवर काही नाही, नारिंगीवर काही नाही. मग मेन बंद केला, फ्यूज काढून खिशात टाकला (ही वडिलांची सवय, म्हणजे मागून कोणी येऊन चालू करत नाही), टेस्टर लावून बघितलं आणि रिसीव्हर भिंतीवरून उतरवला. मागच्या डब्यात तळाशी एक पिवळी वायर दुमडून कोंबलेली. टोकाला काळी टेप, आणि टेपखाली तांबं अजून स्क्रूच्या दाबाने चपटं झालेलं. म्हणजे ती कालपरवापर्यंत कुठेतरी घट्ट बसलेली होती. मीटरवर कंटिन्युटी (दोन टोकं आतून जोडलेली आहेत का ते) बघितली तर व्हॉल्व्हच्या राखाडीशी बीप वाजला. दोन वेगवेगळे व्हॉल्व्ह असलेल्या घरांत 'हॉट वॉटर ऑफ'ची वायर लागत नाही, बसवणाऱ्याला तीच सवय असणार. त्यात आमच्याकडची केबल जुनी, लाल-पिवळी-निळी. त्याला पिवळी फालतू वाटली.

रंगावर अजिबात जाऊ नका. त्या जुन्या केबलमध्ये निळीतून फेज धावत होता, आणि आजच्या रंगांप्रमाणे निळी म्हणजे न्यूट्रल. वायर कुठल्या टर्मिनलवरून कुठल्या टर्मिनलला जाते तेवढंच खरं. कोणी काहीही काढायच्या आधी जुन्या बॅकप्लेटचा (टायमरमागच्या, वायर बसतात त्या पट्टीचा) फोटो घ्या आणि प्रत्येक वायरवर कागदाची पट्टी चिकटवा. जुनी बॅकप्लेट अजून घरात असेल तर शोधून ठेवा.

पिवळी वायर 1 नंबरला, म्हणजे आमच्या रिसीव्हरच्या 'हॉट वॉटर ऑफ'ला घातली, फ्यूज लावला. काही सेकंदांत व्हॉल्व्ह घरघरला आणि पंप सुरू झाला. सासूबाई हात रेडिएटरवर ठेवूनच उभ्या होत्या.

भाऊजी आजही चारचौघांत सांगतात की नवीन हेड बसवलं म्हणून हीटिंग सुरू झालं. नवीन हेड बसवल्यावरही घर चार दिवस गार होतं, हे ते सोडून देतात. म्हणून मी जुनं हेड फेकलं नव्हतं ते मार्चमध्ये परत बसवलं. पाणी काढावं लागत नाही, दोन स्क्रू आणि पाच वायर. तेव्हापासून तीन हिवाळे तेच हेड चालतंय, नवीन खोक्यात पडून आहे.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. नंबर सगळ्या रिसीव्हरवर सारखे नसतात; बऱ्याच ठिकाणी 1 म्हणजे 'हॉट वॉटर ऑफ', पण तुमच्या माहितीपत्रकात बघा. काही रिसीव्हरचे कॉन्टॅक्ट कोरडे असतात, म्हणजे ते स्वतः फेज देत नाहीत, नुसते स्विच असतात; तिथे फेजपासून कॉमन टर्मिनलला वायरचा लूप मारावा लागतो. जुन्या थर्मोस्टॅटच्या जागी फेज आणि स्विच वायर एकमेकींना जोडलेल्या हव्यात, आणि तिथे न्यूट्रल असेल तर तो वेगळा बंद करायचा, त्या जोडात चुकूनही नाही. मीटर सुट्या वायरवर खोटे व्होल्ट दाखवतो, म्हणून दोन टोकांचा दिव्याचा टेस्टर बरा. तुमच्याकडे टाकी नसून कॉम्बी बॉयलर (टाकीशिवाय थेट पाणी तापवणारा) असता तर यातलं काहीच लागू नव्हतं, आणि त्याच्या कमी व्होल्टेजच्या टर्मिनलवर 230 दिले तर कार्ड खरोखरच जळतं. बॉयलरचं झाकण उघडायचं काम गॅस सेफच्या (गॅसच्या कामाच्या इथल्या नोंदणीतल्या) माणसाचंच. चालू सप्लायवर कधी हात घातला नसेल तर मोजायचं काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, पण त्याच्या शेजारी उभं राहून राखाडी वायरबद्दल विचारा.

आणि घरात तुम्हाला कोणी "त्याला जास्त कळतं" म्हणालं, तर हीटिंग चालू, पाणी बंद असं ठेवून राखाडीवर किती व्होल्ट येतात ते त्यांच्यासमोरच मोजा.