साडेपाचची वेळ कुणाची?

“फी मागताना हात पसरल्यासारखं वाटतं हो मला.” घरी क्लास घेणाऱ्या बायकांकडून हे मी वरचेवर ऐकते. कुणी कथक शिकवतं, कुणी चित्रकला, कुणी दहावीचं गणित. आज पियानो शिकवणाऱ्या मृणालविषयी लिहिते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, लिहायला तिची परवानगी आहे.

मृणालचा क्लास नाशिकला, गंगापूर रोडवर, राहत्या घरातच. हॉलमध्ये अपराइट पियानो, 18 विद्यार्थी, प्रत्येकाला आठवड्यातून एकदा अर्धा तास, महिन्याला 2400 रुपये. माझ्याकडे समुपदेशनाला आली ती झोप लागत नाही, लेकावर उगाच ओरडते, छातीत धडधडतं म्हणून. आधी डॉक्टरांकडे पाठवलं. रक्तदाब, थायरॉइड सगळं ठीक निघालं. मग बोलता बोलता लक्षात आलं, धडधड महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वाढते. फीचा आठवडा.

तिने फोनमधला मेसेज दाखवला. ‘ताई, फीचं बघाल का? घाई नाही, जमेल तसं. सॉरी हं, त्रास देतेय.’ एवढं पाठवायला तिला दोन दिवस लागले होते. पलीकडून उत्तर, ‘या महिन्यात तो दोनदा आलाच नाही ना? मग 1200 पाठवते.’ त्यावर मृणालचं ‘ओके ताई’, आणि पुढे हात जोडलेले.

तिचे वडील पंचवटीत पेटी शिकवायचे, एक पैसा न घेता. विद्या विकायची नसते, हे घरात रोज कानावर पडलेलं. मी तिला पंचवटीतच रामनाम आधार आश्रम काढणाऱ्या गायक विष्णु दिगंबर पलुस्करबुवांची आठवण करून दिली. बुवांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय ही संगीतशाळा सुरू केली ती कुठल्या संस्थानिकाच्या जिवावर नव्हे, लोकांच्या पैशावर. तिकीट लावून जाहीर गायनही केलं. इतिहास ऐकून कुणाची धडधड थांबत नाही म्हणा, पण वडिलांशी मनातल्या मनात चाललेला वाद जरा सैल झाला.

मग विचारलं, “पियानो ट्यून कोण करतं?”

“मुंबईहून येतात एक जण. वर्षातून दोनदा. पावसाळ्यात दमट हवेने साउंडबोर्ड, म्हणजे आतली लाकडी फळी, फुगतो, सूर चढतो. थंडीत हवा कोरडी झाली की उतरतो. तारा दोनशेच्या वर असतात, एकेक लावत बसतात बिचारे.”

“पैसे कसे मागतात?”

“मागत कुठे? बिल देतात. येण्याजाण्याचं धरून.”

“मग ते लोभी वाटतात तुम्हाला?”

ती हसली, आणि बराच वेळ गप्प बसली.

कागदावर तिचा दिवस मांडला. मुलं शाळेतून येणार, खाणार, मग क्लास. म्हणजे शिकवायला साडेचार ते साडेआठ एवढाच वेळ, रोज अर्ध्या तासाच्या 8 जागा. साडेपाचची जागा एका मुलासाठी राखून ठेवली आणि तो वाढदिवसाला गेला, तर ती ऐनवेळी दुसऱ्या कुणाला देता येत नाही. पालक राखलेल्या जागेचे पैसे देतात, हे तिला मनापासून पटायला वेळ लागला. शाळेची फी कुणी हजेरी मोजून भरत नाही.

तालीम केली. मी पालक, ती शिक्षिका. पहिल्या खेपेला प्रत्येक वाक्याला ‘चालेल ना?’ची शेपटी. ती कापत कापत शेवटी उरलं ते असं: ‘नमस्कार. जून ते ऑगस्टची फी 7200 रुपये, 5 जूनपर्यंत भरावी. मूल आलं नाही तर फी वजा होत नाही. तीन महिन्यांत एक बदली तास मिळेल, ठरलेल्या शनिवारी. मी सुट्टी घेतली तर तो तास नक्की भरून देईन.’ ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या लंडनच्या बोर्डांच्या संगीत परीक्षांची फी बोर्डाकडे जाते, ती वेगळी, हेही आधीच लिहिलं. नाहीतर ऐन परीक्षेच्या फॉर्मवेळी रुसवेफुगवे.

दोन मुलं सोडून गेली. एकीच्या आईने ‘फारच कमर्शियल झालात’ असं सुनावलं. त्या रात्री मृणाल पुन्हा जागी राहिली. एक जागा लवकर भरली, दुसरी बरेच महिने रिकामी होती, आणि तो फटका खराच होता. बाकीच्यांनी मुकाट्याने पैसे भरले. काहींनी तर ‘बरं झालं, दर महिन्याची कटकट गेली’ म्हटलं.

एका विद्यार्थ्याच्या वडिलांची सातपूरची नोकरी गेली, तेव्हा तिने अर्धी फी घेतली, महिन्याला 1200. आधीच्या 1200 आणि या 1200 मध्ये फरक एवढाच, की हा आकडा तिने ठरवला होता.

तुमचंही असंच होत असेल तर नियम वर्षाच्या मधेच बदलू नका. मार्चमध्ये लेखी कळवा, जूनपासून लागू करा. आणि मेसेज पाठवण्याआधी मोठ्याने वाचून त्यातलं ‘सॉरी’ खोडा.