बेळगावातला मराठी ख्रिस्ती माणूस रविवार सोडून इतर दिवशी काय करतो?

प्रश्न असा आहे: "पुण्याहून बदली होऊन बेळगावात आलो. शेजारचं कुटुंब ख्रिस्ती आहे, बोलतात मराठीच. रविवारी चर्चला जातात ते दिसतं. पण डिसेंबर लागला की त्यांच्याकडे गाण्याच्या तालमी, कागद-कामट्यांचा पसारा, रात्री दहापर्यंत माणसांची ये-जा. हा धर्माचा भाग आहे की नुसती हौस?"

तुमच्या शेजाऱ्यांना मी ओळखत नाही, पण त्यांच्यासारखाच एक आहे. मेथोडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समाजात, वाढलो. बायको खानापूरकडच्या कॅथलिक घरातली. पोटापाण्यासाठी उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांना लागणारे लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करतो आणि मराठी उपासनेला पेटीवर बसतो. तेव्हा जे सांगतोय ते या दोन घरांतून आणि त्या पेटीमागून दिसलेलं आहे.

धर्म की हौस, ही वाटणी आमच्यात कुणी करत नाही. आमच्याकडे माणूस मंडळीत धरून राहतो तो त्याच्या वाट्याला आलेल्या कामामुळे. एखादा खुर्च्या मांडतो, एखादी संडे स्कूलच्या पोरांची नाटुकली बसवते, एखादा नुसता झांजा वाजवतो. उपदेश चुकला तर आठवडाभर कुणी विचारत नाही. झांजवाला एका रविवारी आला नाही की संध्याकाळी दोघेतिघे त्याच्या दारात हजर: "बरं नाही काय ओ?"

पुण्याहून आलेल्यांना आधी नवल वाटतं ते मराठीचं. भजन, तेही ख्रिस्ती, तेही बेळगावात! यामागे इतिहास आहे. 1820 साली लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर इथे आले. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते काम मेथोडिस्टांकडे गेलं. बेननस्मिथ हायस्कूलच्या नावातले बेनन आणि स्मिथ हे त्या जुन्या मिशनऱ्यांपैकीच. कॅथलिकांची गोष्ट निराळी, ते बहुतेक घाटाखालून, गोव्याकडून वर आलेले. 1953 साली बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या हाताखालचा भाग, झाला. कॅम्पातलं फातिमा कॅथेड्रल तुम्ही पाहिलंच असेल. त्यामुळे आमच्यात कोण घरात मराठी बोलतो, कोण कोकणी, कोण कन्नड, आणि एकाच घरात तिन्ही चालतात असंही असतं. माझी मुलगी आजीशी कोकणीत भांडते, माझ्याशी मराठीत आणि अभ्यासाबद्दल कन्नडमध्ये.

गाणी मात्र मराठीतली फार भक्कम आहेत, आणि याचं मोठं श्रेय रेव्हरंड नारायण वामन टिळकांना. 1861 चा जन्म, रत्नागिरी जिल्ह्यातले, 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांनी ख्रिस्ती भक्तीला अभंगाचा घाट दिला, म्हणून ती पेटी-तबल्यावर सहज बसते. त्याच्याही आधी, 1616 साली, गोव्यात राशोलला फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. दहा हजारांवर ओव्या, आणि लिहिणारा जन्मानं इंग्रज! म्हणजे मराठीत येशूचं नाव घेणं हा काही काल-परवाचा उद्योग नव्हे.

आता रोजचं. आमच्या घरी झोपण्याआधी शास्त्रातला एक उतारा आणि प्रार्थना, पाच-दहा मिनिटांत आटपतं. दिवसभर लाकडाच्या भुशात काम करून आलेल्या माणसाचं डोकं प्रार्थनेत डुलतंही, खोटं कशाला बोलू. सासरवाडीला तिन्हीसांजेला तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. सासूबाई स्वयंपाक करता करता म्हणतात, मधेच "गॅस बारीक कर गो" हेही त्याच सुरात येतं. क्रुसाजवळ लादीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना, असलं की वाडीतले बिगरख्रिस्ती शेजारीही येऊन उभे राहतात. शेवटी उकडलेले चणे वाटतात. पोरांचा सगळा जीव त्या चण्यांत.

गाण्याच्या तालमीबद्दल तुम्ही खास विचारलंय. चांगले गाणारे निवडून पुढे उभे करायचे, असा आमचा खाक्या नाही. येईल तो गातो. यात माझी जी कसरत होते ती ऐका. पेटी काळी एकला लावली तर बायका म्हणतात आवाज पोटात जातोय. चारला घेतली की मागच्या बाकावरच्या काकांचा आवाज फाटतो आणि ते ओठ मिटून बसतात. दर गाण्याला मधला सूर शोधायचा, आणि गाण्याची वरची ओळ आली की डोळ्यांच्या कोपऱ्यातून काकांकडे पाहायचं. ओठ हलत असले तर पट्टी बरोबर. संगीताच्या क्लासमध्ये हे कुणी शिकवत नाही.

कामट्यांचा पसारा म्हणजे चांदणी. चर्चसमोर टांगायची मोठी चांदणी आमच्याकडे अजून हातानंच होते. बुरुडाकडून कामट्या आणायच्या. पेर टोकाशी येणार नाही अशा बेतानं तोडायच्या, नाहीतर कामटी तिथंच मोडते. पाच कामट्यांची एक चांदणी, अशा दोन. त्या एकमेकींवर ठेवून पाचही टोकं सुतळीनं आवळायची. मग आतल्या पाच सांध्यांत चार-चार बोटांच्या काड्या उभ्या सारायच्या, की चांदणी पोट फुगवून उभी राहते. पाचही काड्या एका मापाच्या हव्यात. एक जरी लांब झाली तर टांगल्यावर चांदणी मान वाकडी करते, आणि ते थेट रस्त्यावरून दिसतं. वर पतंगाचा कागद, मैद्याची खळ. खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं कागद खात नाहीत. ते विषारी, म्हणून खळीचं भांडं पोरांच्या हाती देत नाही. गल्लीतला एक पोरगा दिवाळीला आकाशकंदील करून विकतो, त्याच्या उरलेल्या कामट्या आमच्याकडे येतात आणि बऱ्याचदा तोही येतो. गाठ त्याच्याइतकी घट्ट आमच्यात कुणाची बसत नाही.

गोठ्याचं, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचं म्हणाल तर बायकोकडून शिकलो. नाताळच्या दोनेक आठवडे आधी परातीत माती घालून नाचणी पेरायची. चोवीस तारखेपर्यंत कोवळं हिरवं गवत तयार, ते गोठ्यात मांडायचं. उशिरा पेरलं तर मेंढरं मातीत उभी राहतात.

इथे माझं एक मत आहे, आणि त्यावरून मंडळीत वाद होतात. "भक्तीनं केलंय ना, मग वाकडं असलं तरी चालतं," हे मला पटत नाही. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 31व्या अध्यायात देव मोशेला सांगतो, की यहूदा वंशातल्या बसालेलला मी नावानं बोलावलंय आणि माझ्या आत्म्यानं भरलंय. कशासाठी? उपदेशासाठी नाही. सोनं, रुपं, पितळ घडवायला, रत्नांना पैलू पाडायला, लाकडावर नक्षी करायला. पवित्र शास्त्रात देवाच्या आत्म्यानं भरलेला म्हणून आधी ज्यांचा उल्लेख येतो त्यांतला हा एक, आणि हा कारागीर आहे. आम्हा लाकूडकाम करणाऱ्यांना हे वाचून किती बरं वाटतं, ते तुम्हाला नाही कळायचं. पुढे 35व्या अध्यायात सूत काढणाऱ्या बायकाही येतात. आणि 36व्यात तर लोक इतकं साहित्य आणतात, की मोशेला दवंडी पिटावी लागते, आता पुरे, आणू नका. आमच्या बांधकाम कमिटीवर ही वेळ अजून आलेली नाही.

माझ्या धंद्यात एक मिलिमीटरला किंमत आहे. बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, कास्टिंग थंड होताना आटतं, मीटरला साधारण दहा मिलिमीटर, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. तिथं "मनापासून केलंय साहेब" म्हणून माल पास होत नाही. मग चर्चचं काम करताना हात सैल का सोडायचा? याला आमच्या पाळकसाहेबांचं उत्तर ठरलेलं: बसालेल एकटा नव्हता, त्याच्या हाताखाली शिकाऊ माणसं होती, आणि त्यांना शिकवायची बुद्धीही देवानंच त्याला दिली होती. म्हणजे वाकडी काडी मी उसकटून सरळ करायची नाही, ज्यानं घातली त्याच्याकडून करून घ्यायची. याला वेळ दुप्पट लागतो. रात्री दहापर्यंत ये-जा चालते ती त्यामुळेच.

कीबोर्डचं काय करायचं हा आमच्यातला सध्याचा तंटा. तरुण पोरांना हिंदी गाणी आणि गिटार हवी. गिटारला माझी हरकत नाही, बोटं तरी झिजवावी लागतात. पण कीबोर्डवर आयता ठेका लावून ठेवला की मंडळी त्या यंत्रामागे फरफटत जाते. तबलजी म्हाताऱ्या काकींसाठी अर्धी मात्रा थांबतो, यंत्र थांबत नाही. तयार प्लॅस्टिकच्या चांदण्यांचंही तेच, खडेबाजारात हव्या तेवढ्या मिळतात. घरच्या दाराला लावायला मीही एक आणलीय, त्याबद्दल वाद नाही.

फराळाबद्दल थोडक्यात सांगतो. कुलकुल्या एकट्यानं होत नाहीत. काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या कंगव्यावर पिठाची गोळी दाबून वळायची, अशा शेकडो. म्हणून शेजारच्या बायका येऊन बसतात, आणि त्या वेळी काय काय बोललं जातं ते पुरुषांना कळत नाही. तुमच्याकडे ताट येईल. ते रिकामं परत द्यायचं नसतं, हे पुण्यातही असंच असावं.

या सगळ्याची खरी गरज कळते ती मयताच्या घरी. निरोप पोचला की मंडळी जमते आणि रात्री गाणं होतं. बोलवावं लागत नाही. तालमीत कुरकुर करणारे काका तिथे पुस्तक न उघडता पाच-पाच कडवी म्हणतात. त्या वेळी पट्टी चुकली, ताल गेला, कुणी पाहत नाही, मीही नाही. कबरीवर दगड बसेपर्यंत लावायचा लाकडी क्रूस अनेकदा माझ्याकडेच येतो. त्यावर नाव कोणत्या लिपीत रंगवायचं ते घरचे सांगतात: कुणाला देवनागरी हवी, कुणाला कन्नड, कुणाला रोमन. सीमाभागात अक्षरांवरून पाट्या फुटलेल्या आहेत, पण दफनभूमीत तिन्ही शेजारी शेजारी उभ्या आहेत. एकदा एका घरात दोन भावांचं जमेना, तेव्हा एका बाजूनं मराठी आणि दुसऱ्या बाजूनं कन्नड रंगवून दिलं. आडव्या फळीला दोन बाजू असतात, वापरायला काय हरकत?

तुम्हाला हे जवळून पाहायचं असेल तर नाताळपेक्षा कापणीच्या सणाला या. नाताळला पाहुणे फार, आम्हीही जरा सजून-धजून असतो. भाताची सुगी झाली की लोक आपापलं पहिलं पीक चर्चमध्ये आणतात. येळ्ळूरकडचा बासमती, नारळ, भोपळे, रताळी, घरची अंडी, कुणाचं शेत नसलं तर हातानं विणलेला रुमाल किंवा लोणच्याची बरणी. मी लाटणी करून नेतो. उपासना झाली की आवारात लिलाव. इथलं गणित बाजारासारखं नाही. पन्नासाचा नारळ पाचशेला जातो, घेणारा तो परत टेबलावर ठेवतो, पुन्हा बोली लागते. एकच नारळ चार घरचे पैसे घेऊन येतो. शिक्षिका असलेल्या एक बाई बोली बोलतात, आणि त्यांच्या तडाख्यातून कंजूष माणूसही सुटत नाही. त्यांना सगळ्यांचे पगार माहीत असतात. मागच्या खेपेला एका मुलानं शाळेत काढलेलं बोटीचं चित्र आणलं होतं, त्याला भोपळ्यापेक्षा जास्त भाव आला. मुलगा आईच्या पदराआड गेला तो जेवणापर्यंत बाहेर आला नाही.

शेजाऱ्यांना सांगा, ते घेऊन येतील. ख्रिस्ती नसलात तरी कुणी काही विचारणार नाही, फार तर बाजूला जागा करून गीतांचं पुस्तक हातात देतील. फक्त लिलाव चालू असताना कुणी ओळखीचं दिसलं म्हणून हात वर करू नका. बाईंच्या हिशेबात ती बोली असते, आणि कोंबडा जिवंत मिळतो.