नागपुरात ७५ वर्षांच्या बाबांना वृद्धाश्रमात ठेवायचं तर खर्च कसा बघावा?

आधी हे बघा, बाबा स्वतः उठून संडासला जातात का? बरेच वृद्धाश्रम चालत्या-फिरत्या माणसालाच घेतात. अंथरुणाला खिळलेल्यांना नर्सिंगची सोय असलेलं केंद्रच लागतं, आणि तिथला खर्च बराच जास्त. महिन्याच्या आकड्यावर भुलू नका. डायपर, औषधं, रात्रीचा अटेंडंट, दवाखान्यात नेणं त्यात धरलंय का, डिपॉझिट परत मिळतं का, सगळं लेखी घ्या. एकदा भर उन्हाळ्यात दुपारी न सांगता जा. कूलरमध्ये पाणी आहे का, हात लावून बघा. नागपूरच्या उन्हात म्हाताऱ्या जिवाला हेच सगळ्यात महत्त्वाचं. बाबांचं आयुष्मान कार्ड (केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं) काढा. सत्तरीपुढच्यांना योजनेतल्या दवाखान्यात भरती झाल्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइनही आहे.